मिरीच्या पोटातले जंत : फेब्रुवारी ते जूनच्या नोंदी

मिरी म्हणजे आमची लेपर्ड गेको, पाळीव पाल. बाजूच्या गावातलं एक कुटुंब दुसऱ्या राज्यात निघालं होतं, त्यांच्याकडून ती आम्ही न्यू जर्सीतल्या आमच्या घरी आणली. तिच्या पोटात जंत निघाले आणि ते निस्तरायला चार महिने लागले. त्या काळात रोज रात्री वहीत लिहीत गेले. ज्यांच्या गेकोची शेपूट बारीक होत चालली आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून ती वही इथे उतरवते आहे. औषधांचे आकडे मिरीच्या वजनाचे आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवलेले आहेत. ते उचलून आपल्या गेकोला देऊ नका.

८ फेब्रुवारी २०२५

मिरी आली. वय तीनच्या आसपास. वजन ३४ ग्रॅम. पूर्ण वाढलेली मादी ५० ते ७० ग्रॅमची असते. केशर आणि यीस्ट मोजायला आणलेला छोटा काटा वजनाला घेतला, आता तो स्वयंपाकघरात परत जाणार नाही. या पाली शेपटीत चरबी साठवतात. आमची जुनी गेको बुंदी ६२ ग्रॅमची आहे आणि तिची शेपूट मुळाशी मानेएवढी जाड आहे. मिरीची शेपूट बोरूसारखी, वरून हाडाची कड लागते.

पाहुण्यांच्या खोलीत वेगळी टाकी लावली. खाली वाळू नाही, साधा पेपर टॉवेल, म्हणजे शी दिसते. तीन महिने बुंदीपासून लांब ठेवायचं ठरवलं.

११ फेब्रुवारी

तीन दिवसांत चार रातकिडे खाल्ले. शी पातळ, चिकट, आणि वास इतका की खोलीत शिरताच कळतं. चांगल्या शीला दोन भाग असतात, तपकिरी घट्ट कांडी आणि शेजारी पांढरा कोरडा युरेट, म्हणजे घट्ट झालेली लघवी. मिरीचं सगळं एकत्र कालवल्यासारखं होतं, आणि त्यात अख्ख्या रातकिड्याचा पाय न पचलेला.

साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "पाल घरात पाळायची?" हे ती बुंदीच्या वेळीच विचारून बसली आहे, आता विचारत नाही. मिरीला बघून मात्र लगेच म्हणाली, "जंत झालेत गं हिला. लहानपणी तुझी अशीच हाडं दिसायची, वावडिंग द्यायचे तुला." निदान तिचंच बरोबर निघालं. वावडिंग अर्थात दिलं नाही. चौतीस ग्रॅमच्या जिवाला कशाचं किती सोसेल हे आपल्याला माहीत नसताना घरचं काहीच देऊ नये.

१४ फेब्रुवारी

घराजवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे मुख्यतः कुत्री-मांजरी येतात. शी तपासली नाही, "बहुधा जंत असतील" म्हणून एक सर्वसाधारण जंतनाशक देऊ केलं. मी घेतलं नाही. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक कासवांना दिलं तर ती मरू शकतात, एवढं मला वाचून माहीत होतं. एका सरपटणाऱ्या प्राण्याला चालणारं दुसऱ्याला चालतंच असं नाही, त्यामुळे कोणता जंत आहे हे कळायच्या आत औषध नको वाटलं. ७२ डॉलर आणि एक दिवस गेला. मिरीला थंडीत गाडीतून फिरवलं याचं जास्त वाईट वाटतं.

सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांची एक संघटना आहे, एआरएव्ही. तिच्या यादीत गावावरून डॉक्टर शोधता येतात. हे आधी करायला हवं होतं. चाळीस मिनिटांवरच्या एका डॉक्टरांची २२ तारीख मिळाली.

१७ फेब्रुवारी

शीचा नमुना आधी आणून द्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी टिश्यूत गुंडाळून पिशवीत घातला आणि दोन दिवसांनी नेऊन दिला. तो पूर्ण वाळला होता, पाणी टिश्यूनं शोषून घेतलं. तपासता आला नाही.

त्यांनी सांगितलेली पद्धत अशी. नमुना झाकणाच्या छोट्या डबीत घ्यायचा, सोबत ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा, पण तो शीला लागू द्यायचा नाही. फ्रिजमध्ये चोवीस तासांपर्यंत चालतो. शेपटीसारख्या तंतूनं हलणारे एकपेशीय जीव म्हणजे फ्लॅजेलेट बघायचे असतील तर मात्र फ्रिज नको, एक-दोन तासांतलीच शी हवी, कारण ते हलताना दिसले तरच ओळखता येतात. आमची डबी गॅरेजमधल्या जुन्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवली. खाण्याच्या फ्रिजमध्ये कधीही नाही. गेकोच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो. २०१५ साली अमेरिकेत क्रेस्टेड गेकोंमुळे माणसांना साल्मोनेला झाल्याचा इशारा सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं दिला होता. तेव्हापासून बुंदीचीही भांडी मी गॅरेजच्या सिंकमध्येच धुते.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी पहिला प्रश्न शीबद्दल विचारला नाही. "गरम बाजूला जमिनीचं तापमान किती?" मी म्हटलं थर्मोस्टॅट ९० फॅरनहाइटवर आहे. त्या म्हणाल्या, "थर्मोस्टॅट काय म्हणतो ते नको, जमीन काय म्हणते ते मोजा."

नमुना सकाळीच मिळाला होता. निघायच्या आधी कोमट पाण्याच्या उथळ डब्यात मिरीला दहा मिनिटं उभं केलं, पाणी पोटाला जेमतेम लागेल एवढंच. पाण्यातून बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत तिनं शी केली. ही युक्ती पुढे प्रत्येक तपासणीला कामी आली.

डॉक्टरांनी दोन काचपट्ट्या केल्या. एकीवर ताजी शी सलाइनच्या थेंबात, दुसरी फ्लोटेशनची. फ्लोटेशनमध्ये दाट द्रावणात अंडी वर तरंगतात आणि वरच्या काचेला चिकटतात. पिनवर्म या बारीक जंतांची अंडी भरपूर निघाली. फ्लॅजेलेट थोडे, ते थोडे असतातच. वजन ३२.५.

शेपटीकडे बघून त्यांनी क्रिप्टोची पीसीआर तपासणीही लावली. क्रिप्टो म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी. त्यानं गेकोची शेपूट काडीसारखी होते आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. ते ऐकून माझे हात गार पडले. तपासणी, शी आणि पीसीआर मिळून १९८ डॉलर.

औषध लगेच दिलं नाही. गार, सुकलेल्या पालीला जंतनाशक दिलं तर मेलेले जंत आतच राहतात, आतडं हलत नाही. आधी आठवडाभर ऊब आणि पाणी.

२२ फेब्रुवारी, रात्री

इन्फ्रारेड थर्मामीटरनं जमीन मोजली. ७९ फॅरनहाइट. थर्मोस्टॅटची तार जमिनीवरून सरकून थेट गरम पट्टीला चिकटली होती, पट्टी तापली की ती वेळेआधीच बंद होत होती. म्हणजे तीस-बत्तीस सेल्सिअस लागणारी पाल दोन आठवडे सव्वीसवर बसली होती. अन्न न पचण्यामागे जंतांबरोबर माझाही हात होता. तार टेपनं जमिनीवरच घट्ट बसवली. तासाभरानं ९०. मिरी स्वतःहून गरम गुहेत गेली आणि पोट टेकून पसरली.

२८ फेब्रुवारी

क्रिप्टो नकारात्मक. डॉक्टरांनी लगेच सांगितलं की एका नकारात्मक निकालावर विसंबायचं नाही. हा जीव शीतून रोज बाहेर पडत नाही, थांबून थांबून पडतो. महिन्याच्या अंतरानं आणखी दोन वेळा तपासायचं.

वजन ३४. ऊब मिळाल्यावर आठवड्यात दीड ग्रॅम, एक थेंब औषध न देता.

१ मार्च

फेनबेंडाझोल हे जंतनाशक सुरू. ५० मिलिग्रॅम प्रति किलो, तीन दिवस, मग चौदा दिवसांनी पुन्हा तीन दिवस. मोठ्या जनावरांचं तयार औषध दर मिलिलीटरला १०० मिलिग्रॅमचं असतं. मिरीला लागणार १.७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१७ मिलिलीटर. तेवढं कुठल्याच सिरिंजवर मोजता येत नाही. म्हणून फार्मसीकडून १० मिलिग्रॅमचं पातळ करून घेतलं, ३२ डॉलर. आता मात्रा ०.१७ मिलिलीटर, एक मिलिलीटरच्या सिरिंजवर स्वच्छ दिसते. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध जातं आणि या औषधाच्या अतिरेकानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. आकडा मी लिहिला, लेकीनं वेगळा काढून ताडून पाहिला, मगच सिरिंज भरली.

तोंड उघडायचा प्रयत्न केला नाही. नाकाच्या टोकावर एक छोटा थेंब सोडला. मिरीनं डोळे मिटले, मग गुलाबी जीभ बाहेर आली आणि थेंब चाटून गेली. दुसरा थेंब. मध्येच ती थांबते, पापणी अर्धी मिटते, तेव्हा आपणही थांबायचं. सात थेंबांना सहा मिनिटं.

२ मार्च

आज बाटली उजेडात धरली तेव्हा तळाशी पांढरा थर दिसला. हे औषध विरघळत नाही, खाली बसतं. काल मी बाटली हलवलीच नव्हती, म्हणजे कालची मात्रा जवळजवळ पाण्याची. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या कालचा दिवस धरू नका, आजपासून तीन दिवस. बाटलीवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं : मिनिटभर हलवा.

४ मार्च

पहिला फेरा संपला. शीत पांढरे, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान, सुताचे तुकडे असावेत तसे जंत दिसले. औषध पोटातले जंत मारतं, टाकीत पडलेली अंडी नाही. पिनवर्मला मध्ये दुसरा प्राणी लागत नाही. अंडं शीतून बाहेर, तिथून पुन्हा तोंडात, एवढंच. म्हणून पेपर टॉवेल रोज दोनदा बदलते आहे, पाण्याची वाटी रोज उकळत्या पाण्यानं धुते आहे.

९ मार्च

बुंदीची शी मऊ वाटली, म्हणून तिचीही तपासली. तीन-चार पिनवर्मची अंडी. ३८ डॉलर.

कुठून गेली हे शोधताना माझी चूक सापडली. खोल्या वेगळ्या होत्या, चिमटा वेगळा नव्हता. शिवाय मिरीनं न खाल्लेले रातकिडे मी उचलून परत त्याच डब्यात टाकत होते ज्यातून बुंदीला देते. टाकीत मोकळे सुटलेले रातकिडे पालीची शी खातात, मग तोच किडा पाल खाते. अंड्यांना याहून सोपा रस्ता नाही.

मला बुंदीलाही लगेच औषध द्यायचं होतं. डॉक्टरांनी नाही म्हटलं. ६२ ग्रॅमची, खाणारी, चांगल्या शीची पाल थोडे पिनवर्म बाळगून वर्षानुवर्षं ठणठणीत राहते, आणि औषधाचाही भार असतोच. दीड महिन्यानं पुन्हा मोजू. हे पटायला मला दोन दिवस लागले. आता वाटतं, या सगळ्या कामात मी शिकलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

सगळे रातकिडे फ्रीजरमध्ये घालून मारले आणि फेकले. आता डुबिया झुरळं, गुळगुळीत उभ्या काठाच्या वाटीत, मोजून पाच. पंधरा मिनिटांत जे उरेल ते कचऱ्यात. दोन चिमटे, दोन वाट्या, लाल टेप मिरीची, निळी बुंदीची.

१५ मार्च

जुना मायक्रोस्कोप १४० डॉलरना घेतला, काचपट्ट्या वगैरे २२. दर वेळी ३८ डॉलर देण्यापेक्षा मधल्या तपासण्या घरी करू असा हिशेब होता.

पहिल्यांदा मिठाचं द्रावण केलं. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलं, शी कालवली, गाळली, नळी काठोकाठ भरली, वर फुगवटा आला की त्यावर काच ठेवली. पंधरा मिनिटं पुरतात. मी फोनवर बोलत बसले आणि चाळीस मिनिटं झाली. काचेवर मिठाचे चौकोनी स्फटिक, बाकी काही दिसेना.

मग साखरेचं केलं. ४५४ ग्रॅम साखर, ३५५ मिलिलीटर पाणी, मंद आचेवर हलवत फक्त विरघळेपर्यंत. पाक करायची सवय असलेल्या हाताला ते लगेच जमतं, फक्त एकतारीपर्यंत न्यायचं नाही. याचे स्फटिक लवकर होत नाहीत, काच थोडी चिकट होते एवढंच.

१६ मार्च

मोठी भीती. भिंगाखाली लांबट, मोठी, पारदर्शक अंडी, वीसेक. पिनवर्मच्या अंड्यांपेक्षा कितीतरी मोठी. एकात आत काहीतरी दुमडलेलं. मला वाटलं हा नवाच जंत आहे. रात्री झोप नाही. फोनच्या कॅमेऱ्यातून फोटो काढून डॉक्टरांना पाठवले.

सकाळी उत्तर आलं. माइट म्हणजे अगदी बारीक किडे, त्यांची अंडी. आत दुमडलेले ते पाय होते, आणि जंताला पाय नसतात. किड्यांच्या खाण्यात, ओट्सच्या भुशात हे माइट होतात, पाल किडा खाते आणि अंडी तशीच बाहेर पडतात. पालीला त्यांचं काही होत नाही. किड्यांचे स्वतःचे परजीवीही असेच पालीच्या शीत उतरतात.

माझ्यासारखं घरी बघणाऱ्यांनी मनात ठेवायच्या आकृत्या : पिनवर्मचं अंडं एका बाजूनं चपटं, इंग्रजी डी अक्षरासारखं. हवेचा बुडबुडा अगदी गोल, कडेला जाड काळं कडं. पेपर टॉवेलचा धागा जंतासारखा लांब, पण त्याची टोकं तुटकी आणि जाडी सगळीकडे एकसारखी नसते. आणि क्रिप्टोचे कोष घरी शोधायच्या भानगडीत पडू नका. ते चार ते सहा मायक्रॉनचे असतात आणि खास रंग दिल्याशिवाय यीस्टपासून वेगळे ओळखता येत नाहीत.

१८ ते २० मार्च

दुसरा फेरा. बाटली हलवून. वजन ३७ झालं म्हणून डॉक्टरांनी मात्रा बदलून दिली. मिरी आता सिरिंज बघून मान वर करते.

२४ मार्च

दुसरी क्रिप्टो पीसीआर पाठवली. ६५ डॉलर. चार दिवसांनी निकाल, नकारात्मक.

३ एप्रिल

दहा दिवस वजन ३८ वरच अडकलं होतं, शी पुन्हा पातळ. घरच्या काचेवर मला काही दिसलं नाही. दवाखान्यात पिनवर्म एक-दोनच, पण कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवींचे कोष निघाले, त्यातली आयसोस्पोरा जात. पिकल्यावर कोषात दोन कप्पे आणि प्रत्येकात चार बीजं, त्यावरून ओळख पटली. माझ्या काचेवर तेच होते, मी त्यांना बुडबुडे समजून पुढे सरकले होते. बुडबुड्याला आत काही नसतं, कोषात दाणेदार गोळा असतो. फोकसचं चाक हळू फिरवलं असतं तर कळलं असतं.

पहिल्या तपासणीत हे का नव्हते? कोषही रोज पडत नाहीत. फेरतपासणीचे ६० आणि शीचे ३८ डॉलर.

५ आणि ७ एप्रिल

पोनाझुरिल, ३० मिलिग्रॅम प्रति किलो, ४८ तासांच्या अंतरानं दोन मात्रा. मूळचं घोड्यांचं औषध, फार्मसीनं पातळ करून दिलं, ४१ डॉलर.

कॉक्सिडियाला औषधापेक्षा सफाई जड गेली. ब्लीच त्या कोषांना पुरत नाही आणि मी दोन महिने ब्लीचवरच विसंबून होते. लाकडाचा ओंडका, कॉर्कची साल, ओल्या गुहेतलं शेवाळ, सगळं फेकलं. सच्छिद्र वस्तू स्वच्छ होत नाहीत. ओल्या गुहेत आता ओला पेपर टॉवेल. टाकी आणि प्लास्टिकच्या गुहा गॅरेजचं दार उघडं ठेवून अमोनियानं पुसल्या, अर्धा तास तशाच ठेवल्या, खूप पाण्यानं धुतल्या आणि मग वाफेचं यंत्र कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलं. ब्लीचची बाटली त्या दिवशी गॅरेजमधून हलवली होती. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर विषारी वायू होतो, म्हणून एक वापरलं की दुसरं त्या जागेत नकोच.

कोष बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत पिकतात आणि मगच लागण करतात. मिरी नेहमी डाव्या मागच्या कोपऱ्यात शी करते. त्या कोपऱ्यात पेपरचा वेगळा चौकोन ठेवला. तो सकाळी सहाला आणि रात्री दहाला उचलायचा. रात्रीची पाळी लेकीनं मागून घेतली आणि परीक्षेच्या आठवड्यातही सोडली नाही.

२८ एप्रिल

मिरी ४२ ग्रॅम. कॉक्सिडिया नाही. पिनवर्म दोन अंडी, तेवढी राहू द्यायची. बुंदी पूर्ण स्वच्छ, औषधाशिवाय. तिसरी पीसीआर पाठवली.

२ मे

तिसरीही नकारात्मक. निकाल वाचून मी आधी आईला फोन केला, भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. ती म्हणाली, "मग आता तिला नीट खायला घाल."

१२ मे

दुसऱ्यांदाही कॉक्सिडिया नाही. आजवरचा खर्च १,०५८ डॉलर. त्यातले पहिल्या दवाखान्याचे ७२ आणि रातकिडे, ओंडका, शेवाळ फेकून नवीन आणल्याचे ६४ माझ्या घाईचे आणि चुकांचे. मायक्रोस्कोपचे पैसे अजून वसूल नाहीत, पण मी तो विकणार नाही.

१४ जून

वजन ५१. शेपूट अजून मानेएवढी नाही, पण वरची कड आता बोटाला लागत नाही. शी घट्ट, पांढरा भाग वेगळा. काल रात्री तिनं कात टाकली आणि पायाच्या बोटांवर एकही तुकडा न ठेवता सगळी खाल्ली. फेब्रुवारीत तिच्या दोन बोटांना जुन्या कातेची कडी अडकलेली होती.

लाल टेपचा चिमटा लालच राहणार. पुढची तपासणी सप्टेंबरात, दोघींची.